लग्नाच्या आमंत्रणांची उत्तरे : गूगल फॉर्म आणि पोस्टकार्ड एकत्र वापरल्यानंतरचा अनुभव

तुळशीच्या लग्नानंतर आमच्या पुतणीचा साखरपुडा झाला आणि वैशाखात ठाण्याला, नौपाड्यातील एका कार्यालयात तिचे लग्न लागले. या सगळ्या काळात साखरपुडा, लग्न आणि स्वागत समारंभ या तिन्ही कार्यांची उत्तरे आम्ही ऑनलाइन फॉर्म आणि कागद अशा दोन्ही मार्गांनी मागवली व गूगल शीट्सच्या एकाच तक्त्यात जमा केली. ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे त्यांच्या उपयोगासाठी हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. फॉर्म चांगला आहे आणि पोस्टकार्डही चांगले आहे, परंतु दोन्ही एकत्र नांदतात ते केवळ प्रत्येक घराला दिलेल्या क्रमांकामुळे. तेवढी शिस्त पाळणे जमणार नसेल, तर दोहोंपैकी एकच मार्ग घ्यावा.

आपल्याकडे पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार येण्याचा आग्रह छापला जातो आणि उत्तर कोणी मागत नाही. केटरर मात्र काही दिवस आधी किमान ताटांची हमी मागतो, आणि माणसे कमी आली तरी पैसे हमीप्रमाणेच द्यावे लागतात. उत्तर मागवण्याची गरज तिथे निर्माण होते. अडचण अशी की, ‘आपण किती जण येणार?’ असे थेट विचारले तर वडीलधाऱ्यांना ते माणसे मोजून बोलावल्यासारखे वाटते, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. म्हणून आम्ही प्रश्नाची मांडणी बदलली. मुहूर्ताला येणार की संध्याकाळी, दुपारच्या जेवणाला किती पाने मांडावीत, ज्येष्ठांसाठी खुर्ची किंवा लिफ्टची सोय लागेल का, असे यजमानाने सोयीसाठी विचारावेत तसे प्रश्न ठेवले. या मांडणीवर कोणी नाराज झाल्याचे आमच्या कानावर आले नाही.

लग्नासाठीचे एक तयार संकेतस्थळही आम्ही सुरुवातीला पाहिले होते. ते प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र माणूस धरत होते. आपले आमंत्रण घराला जाते, त्यामुळे आजी-आजोबांची नावेही वेगवेगळी भरत बसावी लागली असती. ते सोडून दिले.

यादी करताना आमच्याकडील घरांना १००१ पासून आणि वरपक्षाकडील घरांना २००१ पासून क्रमांक दिले. पत्रिकेच्या पाकिटावर, पोस्टकार्डावर आणि फॉर्ममध्ये तोच क्रमांक ठेवला. नावांवरून जुळवाजुळव होईल अशी आशा कोणी धरू नये, कारण एकच आडनाव कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, आणि रोमनमध्येही प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते. शिवाय आमच्या यादीत एकाच आडनावाची इतकी घरे आहेत की निव्वळ ‘काका आणि काकू’ अशी सही केलेले उत्तर कोणाचे हे ठरवायला घरची बैठकच बसवावी लागते. क्रमांक असला की हा सगळा प्रश्न मिटतो.

गूगल फॉर्ममध्ये काही उत्तरे आधीच भरलेली लिंक तयार करता येते. तिचा उपयोग करून प्रत्येक घराला त्याचा क्रमांक भरलेली लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ही सोय उत्तम आहे, पण एका घराने आपली लिंक प्रेमाने दुसऱ्या घराला पुढे पाठवली की दोन घरे एकाच क्रमांकाखाली येतात. त्यासाठी कुटुंबप्रमुखाचे नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक हे दोन प्रश्न अनिवार्य ठेवले. एका व्यक्तीला एकच उत्तर देऊ देण्याची सोय फॉर्ममध्ये आहे, परंतु ती सुरू केली की उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यातून साइन इन करावे लागते. ज्येष्ठांसाठी ती पायरी नको म्हणून आम्ही ती बंदच ठेवली आणि दुबार उत्तरे येतील हे गृहीत धरले.

दुबार उत्तरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. फॉर्म पुन्हा भरला की तक्त्यात नवी ओळ येते आणि जुनी तशीच राहते. अशा वेळी घराच्या क्रमांकावरून तक्त्यातील नोंद शोधून देणारे व्हीलुकअप हे सूत्र वरून पहिले सापडलेले, म्हणजे जुने उत्तर उचलते, आणि ‘आम्ही चौघे येतो’ असे म्हणून नंतर ‘दोघेच येऊ’ असे कळवणारे घर चौघांचेच मोजले जाते. त्याच कामाच्या एक्सलुकअप या सूत्रात शोध शेवटापासून सुरू करण्याचा पर्याय आहे. तो वापरल्यावर ताजे उत्तर मिळते. दुसरी बाब चौकटींवर खूण करण्याच्या प्रश्नांची. त्यांची सर्व उत्तरे एकाच खणात स्वल्पविरामाने जोडून येतात आणि बेरीज करणे कटकटीचे होते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासाठी संख्येचे स्वतंत्र प्रश्न ठेवणेच बरे.

आता कागद. ज्यांच्या घरी पत्रिका आणि अक्षता घेऊन स्वतः गेलो, त्यांच्याकडून लहान चिठ्ठी तिथेच भरून घेतली. चिपळूण, गुहागर आणि घाटावरच्या नातेवाइकांना पत्रिकेसोबत आमचा पत्ता लिहिलेले ५० पैशांचे पोस्टकार्ड पाठवले. कार्डावरचा मजकूर घरातल्या मुलांनी हाताने लिहिला, कारण छापील मजकुराच्या कार्डाला टपालाचा दर निराळा आणि बराच अधिक असतो. हा खटाटोप जुन्या पद्धतीचा वाटेल, परंतु ज्या मावशींना फॉर्मची लिंक उघडायला नातवाची वाट पाहावी लागते त्यांनी कार्ड मात्र स्वतःच्या अक्षरात, आशीर्वादासह पाठवले. त्यांतली काही कार्डे वहिनींनी जपून ठेवली आहेत.

ही कागदी उत्तरे वेगळ्या पानावर टिपून मग बेरीज करण्याचा मोह होतो, तो टाळावा. आम्ही प्रत्येक कार्ड आणि चिठ्ठी घरच्या माणसाकडून त्याच फॉर्ममधून भरून घेतली. त्यासाठी फॉर्ममध्ये ‘उत्तर कसे आले’ आणि ‘उत्तराची तारीख’ हे दोन प्रश्न घातले. दुसरा प्रश्न वरवर निरर्थक वाटतो, पण फॉर्म नोंदवतो ती वेळ आपण माहिती भरल्याची असते, पाहुण्याने उत्तर दिल्याची नव्हे. चिपळूणहून निघालेले कार्ड ठाण्याला पोहोचेपर्यंत त्याच घरातल्या मुलाने फॉर्म भरलेला असू शकतो. मग तक्त्यात कार्ड शेवटी येते आणि सूत्र त्यालाच ताजे समजते. अशा घरांच्या ओळी मोजणीच्या सूत्राने वेगळ्या काढल्या, आणि कार्डावर लिहिलेली तारीख व फॉर्मची तारीख पाहून जे उत्तर नंतरचे तेच धरले. शंका राहिली तर फोन केला.

फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हा तिसरा मार्ग आपण न मागता सुरू होतोच. बऱ्याच जणांनी लिंक न उघडता नुसते होकाराच्या अंगठ्याचे चिन्ह पाठवले, आणि त्या अंगठ्यातून पाने किती मांडावीत हे कळत नाही. तसेच, ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, त्यामुळे स्मरणाचा संदेश मोठ्या यादीला एकदम पाठवून निश्चिंत होता येत नाही.

सर्वांत अधिक उपयोग झाला तो रिकाम्या खणाचा. उत्तर न आलेल्या घरासमोर शून्य न लिहिता खण रिकामा ठेवल्यामुळे ‘येणार नाहीत’ आणि ‘कळवलेले नाही’ हे दोन गट कायम वेगळे राहिले, आणि हमी देण्याच्या आधीच्या आठवड्यात केवळ दुसऱ्या गटाची यादी काढून ती घरातल्या माणसांत नात्याप्रमाणे वाटून देता आली. आत्याच्या सासरकडे आत्यानेच फोन करावा, हे कोणत्याही ॲपला सुचणार नाही. उत्तरांच्या खरेपणाबद्दल म्हणाल तर कार्डावर लिहिलेली संख्या सहसा बदलली नाही. ऑनलाइन उत्तरे अधिक बदलली, पण बदल वेळेवर कळला, हा त्यांचा गुण मानावा लागेल.

खर्च पोस्टकार्डांपुरता आणि पाकिटांपुरताच झाला. खरा भार पडतो तो रोज तक्त्याकडे पाहणाऱ्या एका माणसावर, आणि तो माणूस एकच असावा. इतरांना तक्ता पाहण्याची परवानगी द्यावी, बदलण्याची देऊ नये. सर्वांना बदलू दिले की कोणीतरी आपल्या सोयीने ओळी वरखाली करतो. वरपक्षाच्या घरांची नोंद त्यांच्यातल्या एकाने ठेवायची असे ठरले होते. प्रत्यक्षात त्यांची चिठ्ठ्यांची थैली आमच्याकडेच आली आणि भरण्याचे काम लांबले. पुढच्या खेपेला हे काम कोण करणार, हे साखरपुड्याच्या बैठकीतच ठरवून घेईन.

नेरुळला भाच्याची मुंज ठरते आहे आणि त्यासाठी हाच तक्ता नवी प्रत काढून वापरणार आहोत. ठाणे आणि नवी मुंबईतील घरांना या वेळी पोस्टकार्ड पाठवणार नाही, कारण त्यांच्याकडून चिठ्ठी हातोहात मिळते. कोकणातल्या घरांना मात्र पाठवणार.