सालोमे : रंगमंचावर की पडद्यावर?

ऑस्कर वाइल्डची ‘सालोमे’ ही एकांकिका करायला घेणाऱ्या दिग्दर्शकाला आधी माध्यम ठरवावे लागते. १८९१ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेल्या या एकांकिकेच्या तालमी १८९२ मध्ये लंडनला सुरू असताना, बायबलमधील पात्रे रंगमंचावर आणता येत नाहीत या कारणावरून तिला परवाना नाकारला गेला. १८९६ मध्ये पॅरिसला पहिला प्रयोग झाला, तेव्हा लेखक तुरुंगात होता.

कथा अशी : राजा हेरोदासमोर नाचल्याच्या मोबदल्यात त्याची सावत्र मुलगी सालोमे बंदिवान संदेष्टा योहानाचे शिर मागते. आज खरी अडचण नजरेची आहे. हेरोदाची नजर सावत्र मुलीवरून हटत नाही, तिची बंदिवान योहानावरून हटत नाही, आणि असे पाहू नये म्हणून एकमेकांना बजावणारी माणसे भोवती आहेतच. नाट्यगृहात कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवतो आणि नकळत हेरोदाच्या पंगतीला जाऊन बसतो. कॅमेरा मात्र ही निवड आधीच करून टाकतो. चंद्राचेही तेच. तो प्रत्येक पात्राला वेगळा दिसतो, पण पडद्यावर एकदा दाखवला की सर्वांसाठी एकच होऊन बसतो.

अभिनेत्री आला नाझिमोवाच्या १९२३ च्या मूकपटात, या एकांकिकेसाठी चित्रकार बिअर्डस्लीने काढलेल्या चित्रांवरून घडवलेले नेपथ्य आणि वेशभूषा आजही थक्क करतात. मंत्रासारखे पुन्हा पुन्हा येणारे संवाद मात्र मुकेच राहिले, आणि माझ्या मते हे नुकसान मोठे आहे. अभिनेता अल पचिनोने लॉस एंजेलिसला नाटक सादर करतानाच त्याचे चित्रीकरण केले. ही युक्ती हेरोदाच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण शिर द्यावे लागू नये म्हणून पाचू, पांढरे मोर, अखेर मंदिराचा पडदाही देऊ करणाऱ्या राजाची भीती जवळून टिपलेल्या चेहऱ्यावर अधिक कळते.

नृत्याविषयी संहितेत जेमतेम एका ओळीची सूचना आहे, त्यामुळे दोन्हीकडे हात मोकळा. फरक इतकाच की रंगमंचावर संकलनाची मदत मिळत नाही. तबकातले शिर मात्र रंगमंचावर जोखमीचे, कारण वस्तू जराशी खोटी दिसली तरी प्रेक्षक हसतात. बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानात मुलगी आईच्या सांगण्यावरून शिर मागते, वाइल्डची सालोमे स्वतःच्या इच्छेने. ती इच्छा आवाजातून पेलणारी अभिनेत्री हाताशी असेल तर लहान नाट्यगृह निवडावे, आणि हुकमी पत्ता हेरोद असेल तर कॅमेरा. लांबी कमी करण्यासाठी संवादांतील पुनरुक्ती कापायचा बेत असेल, तर मात्र दुसरे नाटक शोधावे.