नगावर घेतलेलं तांबं

जुन्या एसीतली तांब्याची कॉइल टाकीत बुडवायची, सोलर कलेक्टरमधलं गरम पाणी तिच्यातून फिरवायचं आणि बाहेरचं आंघोळीचं पाणी तापवायचं, असा माझा बेत होता. जुना माल विकणाऱ्या एकाकडे १२ मीटरची गुंडाळी तयारच मिळाली. त्याने स्वतःहून लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. टोकावर कानस मारली. आत लालसर तांबं. मी खूश.

हातात हलकी लागली खरी. "नळी पातळ आहे, उष्णता पटकन जाईल," तो म्हणाला, आणि मला ते पटलंसुद्धा! खरं तर एवढ्याशा धातूच्या जाडीने फारसा फरक पडत नाही, उष्णता जास्त अडते ती नळीलगतच्या पाण्याच्या थरात. त्यात भाव सांगितला नगावर. भंगारातलं तांबं कुणी वजन न करता विकतं का? तिथूनच मी उठायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून कॉइलमधलं पाणी कमी होऊ लागलं. मी भर घालत राहिलो आणि व्हॉल्व्हला शिव्या देत राहिलो. शेवटी कॉइल बाहेर काढली. दोन्ही टोकांपासून वीतभर आत पांढरी भुकटी, तिच्याखाली सुईने टोचल्यासारखी भोकं. मधल्या वेढ्यावर कानस मारली तर चंदेरी धातू. टोकं तेवढी तांब्याची, बाकी सगळं ॲल्युमिनियम, वरून तांबूस रंग. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं नाही. आणि तांब्याला जोडलेलं ॲल्युमिनियम पाण्यात राहिलं की तेच झिजतं, जोडाजवळ सगळ्यात आधी.

१० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची १२ मीटर नळी तांब्याची असेल तर ३ किलोच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमची जेमतेम ९०० ग्रॅम. घरातल्या काट्यावरही कळलं असतं. तेव्हा व्यास आणि जाडी मोजा, वजन करा, कानस मधल्या वेढ्यावर मारा. एक टोक बंद करून, हवा भरून, बादलीत बुडवून बुडबुडेही बघा. पण माझी कॉइल त्या दिवशी या परीक्षेत पास झाली असती, तेव्हा ती गळत नव्हती.

विकणाऱ्याला फोन केला. "चुंबक चिकटलं नव्हतं ना?" एवढंच म्हणाला.

कॉइल शेवटी भंगारात दिली. तिथे मात्र ती काट्यावर चढली, आणि भाव लागला ॲल्युमिनियमचा.