पोकरचे आव्हान की पोकरची कमाई: तीन वाटांची तुलना

ऑनलाइन पोकर खेळून उत्पन्न मिळवायचे आणि तेही एखादे मोठे वैयक्तिक आव्हान समोर ठेवून, असा विचार करणाऱ्याने आधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे आपण राहतो कुठे. मुंबई, पुणे, नागपूर किंवा भारतात अन्यत्र राहणाऱ्यासाठी हा प्रश्न सध्या कायद्यानेच निकालात काढला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा जो कायदा संमत केला, त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना भेदच बाजूला ठेवला गेला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो पोकर असो वा रमी, पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; परंतु पोकरबाझी, अड्डा५२ यांसारख्या देशी मंचांनी पैशांचे खेळ बंद केल्यामुळे त्याला बसायला टेबलच उरलेले नाही. परदेशी संकेतस्थळांची पळवाट अनेकांना सुचते, पण भारतात सेवा पुरवणाऱ्या परदेशी मंचांनाही हा कायदा लागू आहे. उद्या पैसे अडकले तर दाद मागायची कुठे, याचे उत्तर तिथे मिळत नाही. पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत समोरासमोर बसून पोकर खेळता येते, मात्र प्रवास, निवास आणि मोठे बाय-इन (टेबलावर बसण्यासाठी भरावी लागणारी रक्कम) यांचा हिशेब अगदी निराळा असल्याने तो या तुलनेत धरलेला नाही.

पुढची तुलना म्हणूनच कॅनडातील ओन्टारिओ, ब्रिटन किंवा अमेरिकेतील न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, म्हणजे जिथे परवानाधारक ऑनलाइन पोकर उपलब्ध आहे तिथल्या मराठी माणसासाठी आहे. अशा व्यक्तीपुढे साधारण तीन प्रकारची आव्हाने असतात: अगदी थोड्या पैशांतून सुरुवात करून एक ठरावीक रक्कम गाठणे, वर्षभरात प्रचंड संख्येने डाव खेळणे, किंवा टूर्नामेंटमध्ये नाव आणि मोठे बक्षीस मिळवणे.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्रिस फर्ग्युसन यांचे आहे. २००० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेल्या या खेळाडूने २००६ मध्ये शून्य डॉलरपासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचे आव्हान स्वतःला घातले. खिशातला एक सेंटही न घालता, प्रवेशशुल्क नसलेल्या फ्रीरोल स्पर्धांपासून त्यांनी सुरुवात केली आणि ते ध्येय पूर्णही केले. त्यांनी स्वतःला घालून घेतलेले नियम आजही अभ्यासण्यासारखे आहेत. कोणत्याही कॅश गेममध्ये, म्हणजे थेट पैशांच्या टेबलावर, बँकरोलच्या (पोकरसाठी बाजूला ठेवलेल्या एकूण पैशांच्या) पाच टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊन बसायचे नाही. अनेक टेबलांच्या टूर्नामेंटमध्ये दोन टक्क्यांहून अधिक लावायचे नाहीत. आणि टेबलावरची रक्कम वाढून एकूण बँकरोलच्या दहा टक्क्यांवर गेली, की पुढचा ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी पाळीने भरावी लागणारी सक्तीची रक्कम) आपल्यावर येताच उठायचे. शेवटचा नियम वाचायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे, कारण त्यात नेमके जिंकत असतानाच टेबल सोडावे लागते. अगदी तळाशी त्यांनी एक सवलतही ठेवली होती: अडीच डॉलरपर्यंतच्या टेबलावर पाच टक्क्यांची अट लागू नव्हती. जवळ पाच-सहा डॉलर असताना अडीच डॉलर घेऊन बसायचे म्हटल्यावर पुन्हा शून्यावर येणे ओघाने आलेच. या शिडीत सर्वाधिक संयम लागतो तो तळाच्या पायऱ्यांवर, हे त्या सवलतीतूनच दिसते.

दुसऱ्या प्रकाराचा काळ साधारण २००७ ते २०१५ असा होता. पोकरस्टार्स या संकेतस्थळाच्या निष्ठावंत खेळाडूंच्या योजनेत ‘सुपरनोव्हा एलिट’ हा सर्वोच्च दर्जा होता आणि तो मिळवण्यासाठी एका कॅलेंडर वर्षात दहा लाख गुण जमवावे लागत. रेकच्या, म्हणजे प्रत्येक डावातून संकेतस्थळ कापून घेत असलेल्या वाट्याच्या, एका डॉलरमागे साडेपाच गुण मिळत. हिशेब केला तर दर दिवशी सुमारे २,७४० गुण, म्हणजे रोज जवळपास पाचशे डॉलरचा रेक, तोही वर्षाचे ३६५ दिवस. हे गाठणारे खेळाडू टेबलावर फारसे जिंकत असतच असे नाही. बरेच जण बरोबरीत खेळून परताव्यावर, म्हणजे रेकमधून संकेतस्थळ परत देत असलेल्या रकमेवर, जगत, आणि या परताव्याची वर्षाची रक्कम एक लाख डॉलरच्या पुढे जाऊ शके. संख्येचा ध्यास कुठपर्यंत जाऊ शकतो, याचा एक नमुना जानेवारी २०१२ मध्ये बहामाजला पाहायला मिळाला: रँडी ल्यू यांनी आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेस विक्रम केला. विक्रम ग्राह्य धरला जाण्यासाठी नफ्यात राहणे आवश्यक होते आणि त्यांचा नफा होता सात डॉलर पासष्ट सेंट.

तिसरा प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे आणि सर्वांत मोहक आहे. थोड्या डॉलरच्या सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेतला प्रवेश जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, मोठ्या स्पर्धेत शिरायचे आणि एका रात्रीत वर्षाची कमाई करायची, हे घडते, पण ते फार थोड्यांच्या बाबतीत घडते. टूर्नामेंटमध्ये साधारण शंभरातल्या बारा ते पंधरा खेळाडूंनाच काही ना काही मिळते, त्यातही बक्षिसाची मोठी रक्कम पहिल्या तीन जागांवर एकवटलेली असते. चांगल्या खेळाडूच्याही वाट्याला शेकडो स्पर्धांचा कोरडा काळ येतो. घरभाड्याची तारीख मात्र ठरलेली असते. म्हणूनच उत्पन्नासाठी टूर्नामेंट हा विषय मी इथेच सोडतो. ज्याला पगार आहे आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत, त्याने हौस म्हणून जरूर खेळावे.

आता खरी तुलना पहिल्या दोन वाटांची. या दोन्ही वाटांमध्ये एक अंतर्विरोध दडलेला आहे, आणि आव्हान स्वीकारणारे बहुतेक जण तो उशिरा ओळखतात. शिडी चढण्यासाठी जिंकलेला पैसा आतच ठेवावा लागतो. शंभराचे दहा हजार करायचे तर पैसा जवळजवळ सात वेळा दुप्पट व्हावा लागतो, आणि दर महिन्याला नफा काढून घेणाऱ्याचा तो कधीच दुप्पट होत नाही. समजा बँकरोल दोन हजार डॉलर आहे. पाच टक्क्यांच्या नियमाने शंभर डॉलर घेऊन बसता येते, म्हणजे अर्धा डॉलर-एक डॉलर ब्लाइंडचे टेबल. महिन्याचा नफा किराणा आणि वीजबिलासाठी काढला, तर पुढच्या महिन्यातही तेच टेबल, आणि एखादा वाईट महिना आला की खालचे. फर्ग्युसन यांना त्या दहा हजारांवर घर चालवायचे नव्हते, म्हणून त्यांना थांबता आले. उत्पन्न आणि चढाई ही दोन्ही कामे एकाच पैशावर लादली, तर एक काम दुसऱ्याला खाते. शिडीचे आव्हान म्हणूनच नोकरी असलेल्या माणसासाठी उत्तम आहे: ठरावीक रक्कम एकदाच घालायची, ती संपली तर आव्हान संपले असे समजायचे आणि त्यातून एक डॉलरही काढायचा नाही.

ज्याला खरोखर उत्पन्न हवे आहे, त्याच्यासाठी संख्येची वाट अधिक प्रामाणिक आहे, कारण तिथे तासाचा हिशेब मांडता येतो. तो मांडून पाहू. अर्धा-एक डॉलरच्या सहा खुर्च्यांच्या टेबलावर आजच्या घडीला नियमित खेळणाऱ्या चांगल्या खेळाडूने शंभर डावांमागे अडीच बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांपैकी मोठा, इथे एक डॉलर), म्हणजे अडीच डॉलर जिंकणे ही बरी कामगिरी धरता येईल. एकाच वेळी चार टेबले लावून तासाला २८० डाव झाले, तर तासाची कमाई सात डॉलर होते. ओन्टारिओमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७ डॉलर ६० सेंट झाले. म्हणजे निव्वळ किमान वेतनाची बरोबरी करायलाही याहून वरच्या टेबलावर जावे लागते आणि तिथले प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे असतात.

हा झाला सरासरीचा हिशेब. चढउताराचा, म्हणजे व्हेरिअन्सचा, हिशेब याहून निष्ठुर आहे. शंभर डावांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर पडतात याचे माप) ९० बिग ब्लाइंड धरले, तर वरचा चांगला खेळाडू दहा हजार डाव खेळून तोट्यात असण्याची शक्यता ३९ टक्के येते. एक लाख डावांनंतरही ती १९ टक्क्यांच्या आसपास राहते. एक लाख डाव म्हणजे चार टेबलांवर साडेतीनशेहून अधिक तास, पूर्णवेळ खेळणाऱ्याचे साधारण दोन महिने. दोन महिने चोख काम करूनही पाचांतला एक जण रिकाम्या हाताने उठतो, आणि आपण चुकीचे खेळलो की नशीब वाईट होते, हे त्याला त्या आकड्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. टिल्ट होऊन, म्हणजे हरल्याच्या रागात भान सुटून, वरच्या टेबलावर उडी मारण्याचे प्रसंग अशाच महिन्यांत येतात. म्हणून पोकरवर जगू पाहणाऱ्याने घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बँकरोलपासून पूर्णपणे वेगळे ठेवावेत, आणि पत्नी, पती किंवा आईवडील यांच्यापासून ही रक्कम आणि तिची मर्यादा लपवू नये. ज्या घरात हे बोलता येत नाही, त्या घरातून हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही वाटांना समान असा एक धोका आहे, ज्याची तरतूद पाच टक्क्यांच्या नियमात नाही. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकरच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली, आणि ज्या फुल टिल्ट पोकर या संकेतस्थळावर फर्ग्युसन यांनी आपले आव्हान पूर्ण केले होते, त्याच्याकडे खेळाडूंचे पैसे परत देण्याइतकी रक्कम नसल्याचे उघड झाले. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळायला २०१४ उजाडले. संख्येच्या वाटेवर घाला पडला तो निराळ्या प्रकारचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोकरस्टार्सने परताव्यात मोठी कपात जाहीर केली, आणि २०१५ भर रेक भरून पुढच्या वर्षाचे लाभ कमावले आहेत असे समजून बसलेल्यांचेही लाभ घटले. डिसेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत खेळाडूंनी बहिष्कारही केला, पण कपात कायम राहिली. ज्याचे उत्पन्न परताव्यावर उभे आहे, तो वस्तुतः संकेतस्थळाच्या मर्जीवर जगतो. कामापुरतेच पैसे तिथे ठेवून बाकीचे बँकेत काढून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

शिवाय २००६ चा खेळ आता राहिलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रणालीने दोघांच्या नो-लिमिट (पैजेला मर्यादा नसलेल्या) पोकरमध्ये चार नामांकित व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, आणि २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवले. आज सॉल्व्हर (डावातली सर्वोत्तम चाल शोधून देणारा प्रोग्राम) घरच्या संगणकावर चालतो. खेळ सुरू असताना त्याची मदत घेणे नियमबाह्य असले तरी टेबलाबाहेर अभ्यास न करणारा मागे पडतो, त्यामुळे वरच्या सात डॉलरच्या तासात अभ्यासाचे बिनपगारी तासही धरायला हवेत.

राहता राहिला प्रश्न देशाचा, आणि तो वाटतो त्याहून अधिक फरक पाडतो. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर कर नाही. कर भरतो तो मंच, आणि एप्रिल २०२६ पासून त्याच्यावरचा ऑनलाइन गेमिंगचा कर २१ वरून ४० टक्के करण्याचे सरकारने जाहीर केल्यामुळे परतावे आक्रसण्याची चिन्हे आहेत. विद्यार्थी व्हिसावर तिथे गेलेल्यांना स्वयंरोजगाराची मुभा नसते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. ओन्टारिओने ४ एप्रिल २०२२ रोजी परवानाधारक बाजार खुला केला, तेव्हा तिथल्या पोकर खेळाडूंना बाकी जगापासून वेगळे काढले गेले. खेळाडू कमी म्हणजे वरच्या ब्लाइंडची टेबलेही कमी, आणि संख्येच्या वाटेला ते थेट मारक ठरते. कॅनडात हौशी खेळाडूची जीत करमुक्त असते, व्यवसाय म्हणून खेळणाऱ्याची नसते. या सीमारेषेवर २०१० चा विश्वविजेता जोनाथन दुहामेल कर न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. मात्र पोकरचे उत्पन्न हाच आपला व्यवसाय, असे सांगत हिंडणाऱ्याने त्या निकालावर विसंबू नये.

या तिघांत सर्वांत अवघड जागा आता न्यू जर्सी आहे. खेळाडू भरपूर, कारण नेवाडा, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियाशी टेबले जोडता येतात. पण २०२५ मध्ये संमत झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्यानुसार २०२६ या करवर्षापासून जुगारातील तोट्यापैकी ९० टक्केच वजावट मिळते, आणि व्यावसायिक खेळाडूही त्यातून सुटत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या खेळाडूने वर्षभरात एक लाख डॉलर जिंकले आणि तितकेच हरले, तर त्याच्या हातात काही नसताना दहा हजार डॉलर उत्पन्न धरून कर आकारला जाईल. संख्येच्या वाटेवरच्या, बरोबरीत खेळून परताव्यावर जगणाऱ्या खेळाडूचा हिशेब तिथे जुळतच नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्याने नोकरी सांभाळून शिडीचे छोटे आव्हान घ्यावे. पूर्णवेळ उत्पन्नाचा विचार करायचाच असेल, तर तो लंडन किंवा लेस्टरमध्ये स्थायिक असलेल्याने आधी करावा आणि टोरांटोतल्याने त्यानंतर.