पॉवर बँकेच्या पाठीवरचे लेबल

१०,००० एमएएच क्षमतेची ही पॉवर बँक मी दोन वर्षे रोज वापरत आहे. चार्जिंगविषयी माझी तक्रार नाही. आतील सेल ३.७ व्होल्टचे असल्याने प्रत्यक्ष ऊर्जा ३७ वॉट-तास भरते आणि तो आकडा कंपनीने स्पष्ट छापला आहे. मला सविस्तर लिहायचे आहे ते तिच्या पाठीवरच्या लेबलाविषयी.

फुली मारलेली कचरापेटी आणि पुनर्चक्रण सुचवणारे तीन बाणांचे चिन्ह अनेक उपकरणांवर असते, पण इतके बारीक की मुद्दाम शोधावे लागते. या कंपनीने मात्र ‘लिथियम-आयन’ हे शब्द ठळक अक्षरांत छापले असून त्याखाली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी, असे एकाच वाक्यात सांगितले आहे. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. कचरागाडीतील दाबयंत्राखाली सेल चिरडला की त्याच्या धन आणि ऋण थरांमधला पातळ पडदा फाटतो, शॉर्ट सर्किट होते आणि आतील ज्वालाग्राही द्रावण पेट घेते. अशी आग विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकू शकते. शिवाय लिथियमची बॅटरी चुकून शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या ढिगातून शिसे वितळवणाऱ्या भट्टीपर्यंत गेली, तर तेथील कामगारांच्या जिवावर बेतू शकते. वर्गीकरण करणाऱ्या माणसाला बंद कवचाच्या आत काय आहे हे सांगणारे लेबलच असते, आणि ते वाचता आले तरच त्या बॅटरीतील कोबाल्ट, निकेल आणि तांबे परत मिळवण्याची प्रक्रिया नीट सुरू होते.

ग्राहकाला माहिती देण्यात मात्र कंपनी कमी पडली आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संकलन केंद्रांची यादी दिसायला हवी होती, तेथे नव्या उत्पादनांची जाहिरात उघडते. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, चार्ज करू नये आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी, ही सर्वांत महत्त्वाची सूचना फक्त खोक्यावर आहे. खोके बहुधा पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाते आणि बॅटरी फुगते ती कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. लेबलाची शाईही टिकाऊ नाही. खिशात घासून तीन बाणांपैकी एक आता पुसट झाला आहे. हा मजकूर कवचावरच कोरलेला असायला हवा होता.

खोके मी सुदैवाने जपून ठेवले होते. त्यावरची ती सूचना कापून मी पॉवर बँकेच्या पाठीवर चिकटवली आहे.