स्टार्टअपमध्ये पैसे टाकायचं ॲप: आठ महिन्यांनंतर

स्टार्टअपमध्ये थोडे थोडे पैसे टाकता येतात असं एक ॲप मी आठ महिने वापरलं. तीन कंपन्यांत मिळून 30 हजार गेले. ते बुडाले की वाढले हे कळायला अजून काही वर्षं जातील. म्हणून परताव्याचं राहू द्या. या कंपन्या आपल्याला भरवसा कसा पटवतात, ते सांगतो.

दारव्ह्याजवळ माझं कृषी केंद्र आहे. जूनमध्ये काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "भाऊ, टॅग निळा का हिरवा?" निळा म्हणजे प्रमाणित, यंत्रणेनं तपासलेलं. हिरवा म्हणजे ट्रुथफुल. बियाणं चांगलं आहे हे कंपनी स्वतःच सांगते. हिरवं वाईटच असतं असं नाही. पण जाणता शेतकरी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतो आणि सोयाबीनचे 70 उगवले तरच पेरतो.

हे रोज पाहणारा मी ॲपवर मात्र हिरव्या टॅगला भुललो. पहिल्या कंपनीच्या पानावर 'पेटंट' असं ठळक लिहिलं होतं. 10 हजार भरले. नंतर कळलं, तो नुसता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज होता. 12 महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर तो बाद होतो. 'डीपीआयआयटी मान्यता', म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाकडची स्टार्टअप म्हणून नोंद, तीही तशीच. ती नोंदणी खरी, पण धंदा चालतो की नाही हे त्यातून कळत नाही. वरून 'शेवटच्या 4 जागा' हे पान दोन महिने तसंच!

ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका व्यासपीठावरच्या 104 प्रस्तावांचा अभ्यास 2015 साली छापून आला. पेटंट होतं म्हणून तिथे पैसा जास्त जमला, असं दिसलं नाही. संस्थापकांनी मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवला, तिथे जमला. माझ्यासारखे भोळे तिकडे कमी असावेत.

मग मी गोणपाट काढलं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरले की कंपनीचे ताळेबंद उघडून बघता येतात. दुसऱ्या कंपनीनं ॲपवर दाखवलेली 'विक्री' ताळेबंदात निम्मीही नव्हती. तोवर माझे पैसे गेलेले. संस्थापकाला फोन करून विचारलं, "तुमचे स्वतःचे किती घातले?" म्हणाला, "मेल करतो." अजून करतोच आहे.

तिसरी कंपनी संत्र्यावर प्रक्रिया करणारी. जोखमीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'आंबिया बहर गळाला तर कारखाना तीन महिने बंद राहील.' अशी ओळ लिहून पैसे मागायला छाती लागते. पुढे बॉयलर बिघडला, तेही त्यांनीच कळवलं.

ॲपबद्दल मुख्य तक्रार ही की पैसे घेताना 'भागीदार व्हा' म्हणतात, पण करार वाचला तर दोन ठिकाणी शेअर नव्हताच, नुसता हक्काचा कागद. करार इंग्रजीत, 38 पानी. खाजगी कंपनीला वर्षात 200 जणांपलीकडे शेअर देऊ करता येत नाहीत, आणि अशा ऑनलाइन व्यासपीठांबद्दल सेबीनं 2016 च्या ऑगस्टमध्येच सावध केलं होतं. हे मला ॲपनं नाही, माझ्या सीएनं सांगितलं.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक बहराच्या त्या ओळीचा.