रिकामी बॅग ओढून पाहिली

कापसाच्या काट्यावर अर्ध्या किलोसाठी व्यापाऱ्याशी भांडणारा माणूस आहे मी. ओलावा 8 टक्क्यांच्या वर दाखवून भाव कापला तर दुसऱ्यांदा मीटर लावायला लावतो. कटतीचं, म्हणजे वजनातून काही किलो कापायचं, नाव काढलं की गाडी परत फिरवतो. आणि मीच मोबाइलमधल्या एका फोटोला भुलून बॅग मागवली.

पोरगी लॉन बोल्स खेळते, म्हणजे गवतावरून गोळे घरंगळवत एका लहान गोळ्याच्या जवळात जवळ न्यायचा खेळ. बोल म्हणजे जड, काळा, थोडा चपटा गोळा. आमच्या गावात त्याला सरळ ‘गोटा’च म्हणतात. 2 ऑगस्ट 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्ण आणलं. तो खेळ पोरीनं गोठ्यात बसून पाहिला, कारण रेंज तिथेच येते. तेव्हापासून तिनं ध्यास घेतला. तिच्या क्रीडाशिक्षकांनी स्वतःकडचा चार गोट्यांचा जुना संच वापरायला दिला. गवताचं मैदान कुठून आणणार? मंडपवाल्याचं हिरवं कार्पेट समाजमंदिरात अंथरून सराव चालतो. सुरुवातीला लोक हसले, आता म्हातारे लोक संध्याकाळी येऊन बसतात आणि ‘जरा डावीकडून घे वो बाई’ म्हणून सल्लेही देतात.

एक गोटा दीड किलोच्या आसपास भरतो, नियमाप्रमाणे 1.59 किलोच्या वर चालत नाही. चार गोट्यांचे सहा किलो, वर सपाट तळव्यांचे बूट, पुसायचं फडकं, मोजपट्टी, खडू. हे सगळं पोरगी खताच्या पोत्याची पिशवी करून न्यायची. शिबिराला जायचं ठरलं तेव्हा मला ते बरं वाटेना. कापसाचा चुकारा हातात होता. म्हटलं, सरांना न विचारता चांगली बॅग आणू, पोरगी खूश होईल. खरं तर विचारायला लाज वाटली. एवढीशी बॅग घ्यायला काय विचारायचं!

मोबाइलवर एकदा शोधलं आणि दुसऱ्या दिवसापासून जाहिराती मागेच लागल्या. लॉन बोल्सची ट्रॉली बॅग, आत चार खोबण्या, खाली कडक तळ, चाकं, ओढायचा दांडा. 4,999 ची 1,899 ला, ‘आज शेवटचा दिवस’. मी घाईत पैसे आगाऊ भरले. दोन दिवसांनी पाहतो तर जाहिरात तशीच, आजही शेवटचाच दिवस! तेव्हाच चुकचुकलं, पण पैसे तर गेले होते.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. रंग तोच, बाहेरून बॅग तशीच. मी अंगणात रिकामी ओढून पाहिली. चाकं फिरली, चेन लागली, झालं समाधान. गोटे भरून एकदा उचलून पाहावी एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

आर्वीच्या स्टँडवर एस्टीतून उतरताना पोरीनं बॅग दांड्यानं उचलली आणि तळच खाली आला. दोन गोटे तिथल्या तिथे पडले. एक फरशीवरून सुटला. हा गोटा सरळ जात नसतो. त्याची एक बाजू अशी घडवलेली असते की वेग कमी होत आला की तो वळतो. तर तो आधी सरळ गेला, लोक बाजूला झाले, मग सावकाश वळत वळत चहाच्या टपरीखाली शिरला. टपरीवाला म्हणे, ‘काहो, बॉम्ब हाये का?’ पोरगी रडायच्या बेतात होती, तरी तिला हसू आलं.

हसू टिकलं नाही. खाली आपटलेल्या एका गोट्याचा टवका उडाला होता, तोही बरोबर ज्या पट्ट्यावर तो घरंगळतो तिथे. आता तो नीट वळेल याचा भरवसा नाही. आणि वेगळा एक गोटा विकत आणून भागत नाही; चारही एकाच संचाचे, एकाच क्रमांकाचे लागतात. एकेरीत चारही टाकायचे असतात. म्हणजे एका टवक्यानं सरांचा अख्खा संच अडला.

बॅगेचा तळ फाडून पाहिला. काळ्या कापडाच्या आत बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावरची छपाईसुद्धा वाचता येत होती. चाकं प्लास्टिकच्या खिळ्यांनी टोचलेली. दांडा फक्त वरच्या कापडाला शिवलेला.

इथपर्यंत 1,899 चं नुकसान. पुढचं माझ्या रागाचं. जाहिरातीच्या त्या पानावर फोन नंबर नव्हता, म्हणून इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडला तो नंबर लावला. हिंदी बोलणारा माणूस फार गोड बोलला. ‘अंकलजी, पूरा पैसा वापस मिलेगा.’ त्यानं एक ॲप टाकायला लावलं, मग त्याला माझा मोबाइल तिकडून दिसू लागला. पडताळणीसाठी एक रुपया पाठवा म्हणाला. मी पाठवला, पिन टाकला. आकडे टाकताना त्यानं पाहिले असतील. पुढच्या पाच मिनिटांत दोनदा मेसेज आला आणि 14,800 रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यात फक्त ‘वापस’ हा शब्द होता.

पोरीनं फोन हिसकावून घेतला, इंटरनेट बंद केलं, ते ॲप काढलं आणि 1930 लावला. त्यांनी रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला. मेसेज पुसले नव्हते म्हणून सांगता आलं. बँकेलाही लगेच कळवलं. काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवली आहे म्हणतात, हातात अजून आलेली नाही. बॅगेची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर केली. गोटे भरून पाहिले असते तर ही तक्रार पार्सल उघडलं त्याच दिवशी करता आली असती.

सरांना सांगायला गेलो तेव्हा ते गोट्यावर रागावले नाहीत, बॅगेवर मात्र अर्धा तास बोलले. ओढायच्या बॅगा परदेशात गुळगुळीत फुटपाथसाठी, गाडीच्या डिक्कीसाठी केलेल्या असतात; आपल्या रस्त्यावर चाकाचा काय उपयोग, एस्टीच्या पायरीवर तर ती उचलावीच लागते. त्यापेक्षा खांद्याची घ्या, पट्टा रुंद हवा, तो बॅगेच्या तळाखालून फिरून आलेला हवा, नुसता वर शिवलेला नाही. प्रत्येक गोट्याला वेगळा कप्पा, नाही तर ते एकमेकांवर आदळून खरवडतात. बूट आणि ओलं फडकं वेगळीकडे. दुकानात घेत असाल तर गोटे सोबत न्या आणि भरून चार पावलं चाला. फोटोत हे काहीच दिसत नाही, सर म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. ते बरं केलं.

शेवटी बाजारात फवारणीच्या पंपाचे पट्टे शिवणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे गेलो. सोळा लिटरचा पंप दिवसभर पाठीवर टिकवणारी शिवण त्याची. मी फाटकी बॅग त्याच्यापुढे ठेवली. त्यानं बॅग पाहिलीसुद्धा नाही, आधी विचारलं, ‘भाऊ, याच्यात वजन किती भरसान?’