‘२५ किलो पेलतो’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला ट्रायपॉड

दूरचं जवळ दाखवणाऱ्या जड टेलिफोटो लेन्ससाठी उंच, भक्कम ट्रायपॉड घ्यायला जे निघाले आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझे साडेअठरा हजार रुपये अडकले आहेत. चौकशी केल्यावर कळलं, की पक्षीनिरीक्षणातल्या माझ्या ओळखीच्या आणखी दोघांना वेगवेगळ्या दुकानांतून याच रीतीनं असाच माल विकला गेला आहे. तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. पण तिथे काय काय झालं ते मात्र सगळं सांगतो.

माझ्याकडे निकॉनची २००-५०० मिमी लेन्स आणि डी-५०० कॅमेरा आहे. लेन्स २.३ किलोची, कॅमेरा बॅटरीसकट ८६० ग्रॅमचा. गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारी वरची बैठक, धरलं तर ट्रायपॉडच्या माथ्यावर साडेचार किलोच्या आसपास भार येतो. तेवढा भार बरेच ट्रायपॉड उचलतात. खरी अडचण थरथरीची असते. या लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडीत शंभर मीटरवरच्या वस्तूचा एक मिलिमीटरपेक्षाही कमी भाग एका पिक्सेलमध्ये येतो. उजनी धरणाच्या काठावर सकाळचा वारा सुटला आणि ट्रायपॉड केसभर जरी हलला, तरी रोहिताच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, पिसांचा तपशील पुसला जातो.

दुसरी गरज उंचीची. मी सहा फूट, म्हणजे १८३ सेंटिमीटर उंच. डोळे त्याच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली. गिंबल आणि त्यावर बसवलेला कॅमेरा मिळून व्ह्यूफाइंडर ट्रायपॉडच्या माथ्यापासून वीस-बावीस सेंटिमीटर वर येतो. त्यामुळे सरळ समोरचा पक्षी टिपायचा तर नुसत्या पायांची उंची १५० सेंटिमीटरच्या जवळपास हवी. पण भीमाशंकरला शेकरू शेंड्याला बसलेलं असतं. लेन्स वर रोखली की मागचा कॅमेरा पंधराएक सेंटिमीटर खाली जातो आणि माणसाला कंबरेतून वाकून उभं राहावं लागतं. शिवाय जमीन उताराची असली तर खालच्या अंगाचा पाय जास्त लांब लागतो. हे सगळं धरून मधला दांडा (उंची वाढवायला वर ओढतात तो) न उचलता १६५ ते १७० सेंटिमीटर उंची देणारा, जाड नळ्यांचा ट्रायपॉड मी शोधत होतो आणि दुकानात गेल्या गेल्या हेच आकडे सांगितले होते.

दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक ट्रायपॉड काढला. पायांचे तीनच टप्पे (एकात एक सरकणाऱ्या नळ्या), वरची नळी चांगली जाड, ३२ मिमीची, आणि काळ्या विणीचं देखणं कार्बन फायबर. पाय पूर्ण उघडल्यावर माथा माझ्या हनुवटीच्या जवळ आला. मी बॅगेतून लेन्स काढायला लागलो तर तो म्हणाला, “सर, एवढी महागाची लेन्स इथे कशाला काढता? धूळ बसेल. मी दाखवतो ना.” आणि त्यानं काउंटरवरचा एक छोटा कॅमेरा चढवला. मग स्वतः दोन्ही हातांनी माथ्यावर जोर देऊन अर्धवट लोंबकळला. “पंचवीस किलो रेटिंग आहे सर, तुमचे चार किलो म्हणजे काहीच नाही.”

या प्रयोगात पहिली फसगत आहे. भार पेलण्याच्या आकड्यासाठी सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एकच चाचणी नाही. जी ती कंपनी आपल्या पद्धतीनं आकडा ठरवते आणि खोक्यावर छापते. सरळ खाली दिलेला भार बारीक पायांचा ट्रायपॉडही सोसतो. लांब लेन्सला त्रास देते ती पिळवट, म्हणजे माथा डावी-उजवीकडे किंचित वळणं. ती ओळखायची तर माथा दोन्ही हातांनी धरून पिळून बघायचा. किंवा स्वतःची लेन्स लावून मागच्या पडद्यावर प्रतिमा पूर्ण मोठी करायची, लेन्सच्या टोकाला बोटानं हलकी टिचकी मारायची आणि हेलकावा किती वेळ टिकतो ते बघायचं. माझी लेन्स बाहेर निघू नये ही त्याची घाई कशासाठी होती, ते आता मला स्पष्ट दिसतं.

दुसरा प्रयोग चुंबकाचा. कार्बनच आहे ना, असं विचारल्यावर त्यानं खणातून चुंबक काढून पायाला लावलं. “बघा, चिकटत नाही. प्युअर कार्बन!” आजूबाजूची दोन-तीन गिऱ्हाइकंही माना डोलवत होती. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. त्यामुळे ही चाचणी फार तर लोखंड नाही एवढंच सांगते, आणि लोखंडाचा ट्रायपॉड तिथे कुणी मागितलाच नव्हता. समोरच्या माणसाला शाळेतलं विज्ञान अर्धवट आठवत असेल, या हिशेबानं हा खेळ मांडलेला असतो. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

पैसे दिल्यावर आतून सीलबंद खोकं आलं. उघडून बघतो म्हटलं तर “कंपनीचं सील आहे सर, इथे फोडलं तर वॉरंटी जाते” असं उत्तर मिळालं. पक्कं बिल मी मागूनच घेतलं. त्याला ते द्यायचं नव्हतं, “बिलाशिवाय बाराशे कमी होतील” असं दोनदा म्हणाला.

घरी खोकं फोडलं तर आतला ट्रायपॉड वेगळाच. मॉडेलचं नाव तेच, शेवटचं अक्षर तेवढं निराळं. पायांचे टप्पे तीनऐवजी चार. वरची नळी मोजली, २५ मिमी भरली. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण भिंतीची जाडी सारखी असलेल्या पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २५ मिमीच्या तुलनेत ३२ मिमीची नळी दुपटीहून जास्त ताठ. आणि चार टप्पे असले की सर्वात खालची नळी आणखी बारीक होते, जमिनीवर तीच टेकते. खोक्यावर ‘कमाल उंची १८० सेमी’ छापलेलं होतं. मी टेप लावली: नुसते पाय १४६ सेंटिमीटर, बाकीचे ३४ मधला दांडा पूर्ण वर ओढल्यावर. एवढा दांडा वर काढून त्यावर ५०० मिमीची लेन्स ठेवली तर शटरच्या धक्क्यानंही प्रतिमा डोलते.

त्याच संध्याकाळी फोन केला. “नवीन व्हर्जन आहे सर. नळी बारीक, पण कार्बन वरच्या ग्रेडचा.” बदलून द्या म्हटलं तर स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

उरलेली गोष्ट उजनीच्या गाळामुळे बाहेर आली. खालच्या पायांत रेती गेली आणि पिळून बंद होणारी लॉक करकरायला लागली, म्हणून साफ करायला पाय पूर्ण बाहेर काढला. नळीच्या कडेला काळी विणीची नक्षी सुटून वर आली होती, वहीला घातलेलं प्लास्टिकचं कव्हर सुटतं तशी. नखानं आणखी थोडी ओढली आणि खाली चकचकीत ॲल्युमिनियम. नळीच्या आत बॅटरीचा झोत टाकला, आतूनही रुपेरी. खऱ्या कार्बन फायबरची नळी आतूनही काळपट असते. कार्बन फायबरची घनता ॲल्युमिनियमच्या साधारण ६० टक्के असते, त्यामुळे वजनातूनही खोटेपणा कळतो. माझा ट्रायपॉड खोक्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा अर्ध्या किलोहून जास्त भरला.

एक मात्र नमूद करायला हवं. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड वाईट नसतो. जाड नळ्यांचा, तीन टप्प्यांचा, मधल्या दांड्याविना सपाट माथ्याचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड खांद्याला जड पडतो, पण लेन्स व्यवस्थित धरतो आणि कार्बनच्या मानानं बऱ्याच कमी किमतीत येतो. फसवणूक धातूत नव्हती, धातूला कार्बन म्हणून कार्बनचे पैसे घेण्यात होती.

फोटो, मोजमापं, खोकं सगळं घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे बिल मागितलं, बोट ठेवून दाखवलं: ‘कॅमेरा स्टँड, १ नग’. “यावर कार्बन कुठे लिहिलंय? मॉडेल नंबर कुठे आहे?” आणि खाली छापलेली ओळ दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ वाचून पुष्कळ लोक तिथूनच परत फिरतात. फिरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा आहे. आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. छापलेल्या एका ओळीनं कायदा रद्द होत नाही.

खोक्यावरही पुरावा होता. आयात केलेल्या बंद वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो, वैधमापनशास्त्राच्या २०११च्या नियमांत ते आहे. माझ्या खोक्यावर किमतीचं स्टिकर तेवढं होतं. आयातदाराचा पत्ताच नाही, म्हणजे ती वॉरंटी देणार कोण?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानानं दाद दिली नाही. रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवल्यावर मात्र फोन आला, “बाकीचे सहा हजार भरा, मोठा ट्रायपॉड देतो.” मी नकार दिला आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही, आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

नवीन घेणार असाल तर स्वतःची लेन्स आणि मोजपट्टी घेऊन जा. दांडा खाली ठेवून उंची मोजा, नळीचा व्यास विचारा. चांगल्या कंपन्या तो लपवत नाहीत. जिट्झोच्या मॉडेल क्रमांकात तर पहिला आकडा नळ्यांच्या जाडीची मालिका सांगतो आणि तिसरा पायांचे टप्पे: ३५४३ म्हणजे तिसरी मालिका, चार टप्पे. जे खोकं घरी न्यायचं तेच दुकानात उघडायला लावा आणि एक पाय पूर्ण बाहेर काढून नळीच्या आत बघा. वॉरंटी जाईल म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि ‘कार्बन फायबर’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ने सुरू होतो. यूपीआयनं पैसे देताना समोर दुकानाचं नाव येतंय की एखाद्या माणसाचं, तेही बघा.

ज्यांनी असा ट्रायपॉड आधीच घेतला आहे त्यांनी आजच एक पाय खोलून आत उजेड टाकून बघावा. आत रुपेरी दिसलं तर खोकं, स्टिकर, बिल आणि दुकानदाराचे मेसेज काहीही टाकू नका, सुटलेल्या नक्षीचे फोटो तारखेसह काढून ठेवा. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.